अवकाशातली पर्यटकांची खोली: भिंतीला नेमकं काय लावायचं?

सांगाडा (धागाकर्ता)

अवकाश पर्यटनाच्या यानांची आणि राहत्या कक्षांची चित्रं हल्ली भरपूर दिसतात. ॲक्सियम कंपनीच्या खासगी स्थानकासाठी डिझायनर फिलिप स्टार्कने २०१८ साली मांडलेली खोली म्हणजे अंड्याच्या आतल्या बाजूसारखी. सगळीकडे गुबगुबीत अस्तर आणि त्यात पेरलेले शेकडो बारीक एलईडी. व्हास्ट कंपनीच्या हेवन-१ या खासगी स्थानकाच्या आराखड्यात मेपलच्या लाकडी पट्ट्या आहेत. व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या स्पेसशिपटू यानाच्या (२०२४ मध्ये निवृत्त) केबिनमध्ये १२ खिडक्या आणि मागच्या भिंतीवर मोठा आरसा होता. याउलट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा कुठलाही फोटो उघडा: केबली, पिशव्या, चिकटपट्ट्या. माळ्यावरची अडगळ बरी.

चर्चेसाठी असं धरू: ४ प्रवासी, १० दिवस, पृथ्वीजवळची कक्षा, आत १०१.३ किलोपास्कल दाब आणि २१ टक्के ऑक्सिजन. भिंतीचं अस्तर, गाद्या, लाकूड, चामडं, पडदे यातलं काय चालेल आणि काय नाही?

माझं मत आधीच सांगतो. व्यावसायिक अंतराळवीरांसाठी केलेले नियम सरसकट पर्यटकांच्या खोलीला लावले जातात आणि त्यातून उगीच रुक्षपणा येतो. आता तुटून पडा.

ज्वालामापी

तुटून पडतोच. :)

हे नियम हौसेने झालेले नाहीत. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरच्या सरावात केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन होता, तोही वातावरणाहून जास्त दाबाने (१६.७ पीएसआय, म्हणजे सुमारे ११५ किलोपास्कल). आत नायलॉनची जाळी आणि व्हेल्क्रो सढळ हाताने लावलेलं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघेही गेले. त्यानंतर नायलॉन हटवून बीटा कापड आणलं. हे काचतंतूंचं कापड असतं आणि त्यावर टेफ्लॉनचा लेप असतो.

आज केबिनमध्ये साधी हवा असली तरी व्हेल्क्रोचा नियम कडकच आहे. एक तुकडा ४ चौरस इंचांपेक्षा (साधारण २६ चौरस सेंमी) मोठा नको आणि दोन तुकड्यांत किमान २ इंच अंतर हवं. जळणाऱ्या वस्तू पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण त्यांची सलगता तोडता येते. एक तुकडा पेटला तरी आग शेजारी पोचत नाही. गुबगुबीत भिंतीचा दोष तिच्या मऊपणात नाही. ती मजल्यापासून छतापर्यंत सलग आहे, हा दोष.

चाचणी कशी होते तेही सांगतो. नासाच्या साहित्य-चाचणी मानकातल्या (नासा-एसटीडी-६००१) पहिल्या चाचणीत साधारण ३० सेंमीचा नमुना उभा टांगून खालून पेटवतात. ज्योत १५ सेंमीच्या आत आपोआप विझली पाहिजे आणि ठिबकणाऱ्या जळत्या थेंबांनी खाली ठेवलेला कागद पेटता कामा नये. नमुना वापरात जेवढ्या जाडीचा असेल तेवढ्याच जाडीचा घ्यायचा, आणि ज्या पृष्ठभागावर बसणार त्यावर चिकटवूनच तपासायचा. अर्ध्या मिलिमीटरचं लाकडी व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) ॲल्युमिनियमला नीट चिकटलेलं असेल तर धातू उष्णता ओढून घेतो आणि ज्योत दमते. तेच व्हिनियर मोकळं टांगलं तर भुर्रकन जातं. म्हणून 'लाकूड चालतं का' हा प्रश्नच अर्धवट आहे. किती जाड, कशावर, किती सलग, हे सांगा, मग उत्तर देता येईल.

चिमटा

म्हणजे सोफा चालेल, पण चार-चार चौरस इंचांचा.

दरवळ

आगीचं ज्वालामापींनी सांगितलंच आहे. माझा मुद्दा वासाचा.

नव्या गाडीचा जो वास लोकांना आवडतो, तो प्लॅस्टिक, गोंद आणि फोममधून सुटणारे वायू असतात. गाडीची काच खाली करता येते, इथे तीच हवा दहा दिवस फिरत राहते. म्हणून आतल्या प्रत्येक वस्तूची ऑफगॅसिंग चाचणी होते. वस्तू बंद डब्यात ४९ अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवायची आणि डब्यातल्या हवेचं पृथक्करण करायचं. प्रत्येक वायूचं केबिनमध्ये होणारं प्रमाण भागिले त्याची परवानगी असलेली मर्यादा, या सगळ्या गुणोत्तरांची बेरीज ०.५ च्या खाली राहिली पाहिजे.

इथे एक घोळ हमखास होतो. पुरवठादार एएसटीएम ई५९५ चा दाखला देतात आणि 'अवकाशासाठी प्रमाणित' म्हणून मोकळे होतात. ती चाचणी निर्वातातली आहे: १२५ अंश, २४ तास, वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत. ती भिंगं आणि सौरपट्ट्या धुरकटू नयेत म्हणून असते. नाकाला आणि फुप्फुसांना काय होईल हे ती सांगत नाही.

चामड्याबद्दल: मूळ कातडं आगीला तसं बऱ्यापैकी टिकतं. त्रास देतो तो त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर, रंग आणि खालचा गोंद. शिवाय घाम आणि वास ते धरून ठेवतं. माझ्या मते चामड्याचा नाद सोडावा.

सांगाडा

ज्वालामापी, एक शंका. नोमेक्स या आगरोधक कापडाचा ऑक्सिजन निर्देशांक (जळत राहायला लागणारा किमान ऑक्सिजनचा टक्का) २८-२९ आहे, लोकरीचा २५ च्या आसपास, सुताचा १८. केबिनमध्ये ऑक्सिजन २१ टक्के. मग नोमेक्सच काय, लोकरही बिनधास्त चालायला हवी ना?

ज्वालामापी

नाही चालत. तो निर्देशांक मेणबत्तीसारखा वरून पेटवून मोजतात आणि ज्योत खाली सरकते. खालून पेटवलं तर गरम वायू वरच्या न जळलेल्या भागाला आधीच तापवतात आणि तेच कापड कमी ऑक्सिजनमध्येही पेट धरतं. त्यामुळे तो आकडा दोन कापडांची तुलना करायला बरा, मंजुरी द्यायला नाही.

दुसरं, २१ टक्के हा आकडा कायम राहत नाही. स्थानकाच्या एअरलॉकमध्ये (बाहेर पडायच्या दुहेरी दारांच्या खोलीत) अवकाशात बाहेर पडण्याच्या तयारीसाठी दाब १०.२ पीएसआयपर्यंत (सुमारे ७० किलोपास्कल) उतरवतात आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास जातो. तिथे नोमेक्सवरही भरवसा नाही. पर्यटकांचा कक्ष बाहेर पडण्यासाठी कधीच वापरायचा नसेल तर ही अट सैल होते, हे मान्य. पण पोलारिस डॉन या खासगी मोहिमेत सप्टेंबर २०२४ ला स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाला एअरलॉकच नव्हता, त्यामुळे अख्खी केबिन निर्वात केली. अशा मोहिमेत आतल्या अस्तरालाही दरवळ म्हणतात ती निर्वाताची कसोटी लागू होते. दोन्ही चाचण्या, एकाच कापडाला.

तिसरं, भारहीनतेत गरम हवा वर जात नाही. ज्योत पंख्याच्या झोताबरोबर सरकते आणि हवा थांबली की बहुधा गुदमरते. म्हणून आग लागली की आधी वायुवीजन बंद करतात. धूरही छताला जात नाही, सबब धूरशोधक हवेच्या वाटेत बसवतात. पण काही पदार्थ मंद झोतात पृथ्वीपेक्षा कमी ऑक्सिजनमध्येही जळत राहतात, हेही प्रयोगांत दिसलंय. सिग्नस या मालवाहू यानातल्या सॅफायर या आगीच्या प्रयोगात २०१६ साली सुमारे ९४ सेंमी लांबीचं सूत-काचतंतूंचं कापड मुद्दाम जाळलं होतं. यान परतीला निघालेलं, आत माणूस नाही, म्हणून ते करता आलं.

उलटसुलट

सगळे कापडावरच अडकलात. आधी हे विचारा की गादी आणि खुर्ची हवीत कशाला?

भारहीनतेत शरीर सैल सोडलं की गुडघे किंचित वाकतात, हात छातीसमोर तरंगतात, मान थोडी पुढे येते आणि नजर पृथ्वीवरच्यापेक्षा साधारण २५ अंश खाली जाते. उंचीही ३ टक्क्यांपर्यंत वाढते. या माणसाला खुर्चीत 'बसवायचं' तर पोटाचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात. टेबल छातीच्या उंचीवर, पडदे नजरेच्या रेषेखाली आणि पाय अडकवायला दांडी, एवढं दिलं की काम झालं. पायांच्या दांडीला मऊ आवरण मात्र द्या. तळव्यांची घट्ट कातडी गळून जाते आणि पावलाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण सगळा भार तिथे येतो. नासाच्या स्कायलॅब स्थानकात (१९७३) त्रिकोणी जाळीची जमीन आणि तीत अडकणारे बूट होते.

रंगांचं काम याहून महत्त्वाचं. अंतराळवीरांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. पर्यटकाकडे एकूण दहाच दिवस आहेत. वर-खाली कुठे हे डोळ्यांना झटकन कळलं तर मदत होते. सोयुझ यान आणि सल्यूत, मीर या सोव्हिएत स्थानकांच्या अंतर्भागाची वास्तुरचना गालिना बालाशोव्हा यांची. जमीन गडद, छत फिकं, ही त्यांची साधी पद्धत. स्टार्कच्या अंड्यात सगळीकडे एकच रंग आणि एकच पोत. दिसायला छान, पण तिथे नवखा माणूस पहिल्याच तासाला पिशवी शोधेल.

चिमटा

आणि पिशवी सापडली नाही तर गुबगुबीत अस्तर धुवायचं कसं, यावर वेगळा धागा काढा.

सांधेजोड

चिमटा यांनी विनोदात नेमकं दुखणं धरलं. शिवणीची, बटणांची, खाचांची भिंत पुसता येत नाही. भारहीनतेत द्रव पृष्ठभागाला चिकटून पसरतो आणि खाचेत शिरून बसतो.

ड्रॅगनचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२१ च्या इन्स्पिरेशन४ या पर्यटक मोहिमेत शौचालयाची एक नळी चिकटवलेल्या जोडातून सुटली आणि मूत्र केबिनच्या जमिनीखाली पसरलं. प्रवाशांना पत्ताही लागला नाही, यान परतल्यावर जमीन उघडली तेव्हा समजलं. मग त्या वेळी स्थानकाला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॅगनमध्ये पाहिलं तर तिथेही तेच. मूत्रातला अमोनिया मारायला ऑक्सोन नावाचं रसायन घालतात. ते मिश्रण ॲल्युमिनियमला खाईल का, हे तपासायला जमिनीवर तसेच धातूचे तुकडे भिजवून ठेवावे लागले. पुढच्या यानात चिकटवलेला जोड काढून वेल्डिंग केलं.

आतल्या सजावटीने यातून घ्यायचं ते हे: अस्तरामागे काय चाललंय ते झटपट उघडून बघता आलं पाहिजे. २०१८ साली सोयुझ एमएस-०९ च्या कक्षीय भागात सुमारे २ मिमीचं छिद्र सापडलं, तेही आतल्या आवरणामागे. तिथे गिलाव्यासारखं कायमचं अस्तर असतं तर? प्रत्येक पॅनेल एका माणसाला, शक्यतो हत्याराशिवाय, निघालं पाहिजे. पाव फेऱ्यात सुटणारे स्क्रू घ्यायचे, आणि ते पॅनेलमध्येच अडकून राहणारे. सुटा स्क्रू तरंगत जातो आणि पंख्याच्या जाळीवर सापडतो, किंवा सापडतच नाही.

तापमापक

+१. आणि पॅनेलमागे हवा खेळती ठेवा. एक माणूस श्वास आणि घामातून दिवसाला साधारण दोन लिटर पाणी हवेत सोडतो. चौघांचे झाले आठ. स्थानकात दवबिंदू ४.४ ते १५.६ अंशांच्या दरम्यान ठेवतात. अस्तर म्हणजे उष्णतेची रजईच, तिच्यामागचं बाहेरचं कवच त्याहून गार झालं की तिथे पाणी जमतं. पाणी, अंधार आणि कापडाचे तंतू मिळाले की बुरशी आलीच. मीरवर पॅनेलांमागे पाण्याचे मोठे गोळे आणि बुरशी दोन्ही सापडले होते. उघड्या छिद्रांचा फोम त्या जागी स्पंजाचं काम करतो. मऊपणा हवाच असेल तर बंद छिद्रांचा पीव्हीडीएफ (एक प्रकारचं प्लॅस्टिक) फोम घ्या. पॉलिइमाइड फोम आगीला उत्तम आणि पिसासारखा हलका, घनमीटरला ६-७ किलो. पण तो उघड्या छिद्रांचा आहे आणि चुरगळला की भुकटी सोडतो, म्हणून पिशवीत बंद करूनच वापरायचा.

धडधड

तुम्ही सगळे मिळून भिंत पुन्हा पत्र्याची करणार असं दिसतंय. पण मऊ अस्तराच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: आवाज.

पंखे आणि पंप चोवीस तास चालू असतात, बंद करता येत नाहीत. स्थानकात कामाच्या जागेला एनसी-५० आणि झोपायच्या जागेला एनसी-४० अशी मर्यादा आहे (एनसी म्हणजे गोंगाटाची मोजपट्टी, आकडा लहान तितकं शांत). कडक, गुळगुळीत, धुता येणाऱ्या भिंतींवर आवाज आपटत राहतो. झोपायच्या कप्प्यांना म्हणूनच आतून रजईसारखं ध्वनिशोषक आवरण असतं. पर्यटकाला रुक्ष भिंत एक वेळ चालेल, झोप नसेल तर नाही.

दरवळ

@धडधड, सहमत, पण झोपायच्या कप्प्यात मऊ करण्याआधी हवेचा झोत बघा. भारहीनतेत उच्छ्वास आपणहून दूर जात नाही, तोंडाभोवतीच साठतो. पंखा बंद पडला तर माणूस स्वतःच्याच कार्बन डायऑक्साइडमध्ये डोकं दुखत जागा होतो. केबिनमध्ये हवेचा वेग सेकंदाला ८ ते २० सेंमी ठेवतात, त्याचं हेच कारण. जाड पडदे लावायचे असतील तर वर-खाली फटी सोडा, नाहीतर तो पडदा म्हणजे पिशवी झाली.

पडद्यांवरून आठवलं: हॅचमधून (दोन कक्षांमधल्या हवाबंद दारातून) काहीही कायमचं ओढू नका. २५ जून १९९७ ला प्रोग्रेस हे मालवाहू यान मीरच्या स्पेक्त्र या कक्षाला धडकलं, हवा गळायला लागली आणि हॅच बंद करायची तर तिच्यातून केबली गेलेल्या. त्या तोडाव्या-सोडवाव्या लागल्या, मग दार लागलं. दाराशी झिरझिरीत पडदा आणि वर दिव्यांची माळ असं एका चित्रात पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला.

झेप

जरा थांबा. हे सगळं राहत्या कक्षाचं झालं, धाग्यात 'यान' पण आहे. ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्डचं उड्डाण साधारण ११ मिनिटांचं. तिथे ऑफगॅसिंग, बुरशी, झोप यांचा संबंध नाही. आसनं, पकडायच्या दांड्या आणि खिडक्या या तीनच गोष्टी. स्पेसशिपटूमध्ये इंजिन बंद झाल्यावर आसनं मागे कलायची. तरंगायला जागा व्हायची आणि परतीचा भार पाठीवर पसरायचा. भारहीनतेची तीन-चार मिनिटं मिळतात, त्यात पट्टा सोडणं आणि परत येऊन बांधणंही आलं. म्हणून बक्कल न बघता, हातमोज्याने, एका हाताने लागलं पाहिजे. कापड कोणतंही घ्या, बक्कल चुकलं तर सगळंच चुकलं.

खिडकी न्यू शेपर्डची सर्वांत मोठी: १.१ मीटर उंच, ०.७ मीटर रुंद.

उलटसुलट

आसनाची चर्चा योग्यच, पण आग आणि टोकदार कडांचे नियम अकरा मिनिटांनाही लागू आहेत. नवखे लोक दांडी पकडतात आणि पाय भिरकावतात. स्थानकाच्या वस्तूंना लाथेचा भार म्हणून ५५६ न्यूटन धरतात, साधारण १० सेंमी चौकोनावर. लाकडी पट्ट्यांचं हेच बघायला हवं: पट्टी मोडली तर कुसळं तरंगणार आणि डोळ्यांत जाणार. व्हिनियर पातळ आणि पाठीला ॲल्युमिनियम असेल तर ती वाकेल, फुटणार नाही.

खिडकीबद्दल: आतल्या बाजूला एक जास्तीची काच हवीच. स्थानकाच्या क्युपोला या घुमटाच्या सातही खिडक्यांना दाब पेलणाऱ्या काचांच्या आत ओरखड्यांसाठी वेगळी काच आहे. पर्यटक नाक, कॅमेरा आणि अंगठी तिथेच घासणार. ती काच बदलता यावी अशी बसवा.

चिमटा

भिंतीवर घड्याळही लावा. फक्त लंबकाचं नको.

सांगाडा

बरं, शरणागती अर्धी पत्करतो. वरचं सगळं वाचून यादी बदलली, तपासा:

भिंतीला ॲल्युमिनियमची पॅनेलं, पाव फेऱ्याच्या अडकून राहणाऱ्या स्क्रूंची. जमिनीकडची गडद, छताकडची फिकी. डोळ्यांसमोरच्या एकाच भिंतीवर अर्ध्या मिमीच्या व्हिनियरच्या पट्ट्या, मध्ये धातूच्या मोकळ्या फटी. सामायिक जागेत सोफा बाद, त्याऐवजी छातीच्या उंचीचं टेबल आणि मऊ आवरणाच्या पायदांड्या. झोपायच्या चार कप्प्यांतच ध्वनिशोषक रजई: बाहेरून बीटा कापड, आत पिशवीबंद पॉलिइमाइड फोम, प्रत्येक तुकडा काढून पुसता येईल असा. त्यामागे कवचापर्यंत हवेची पोकळी. दिवे स्थानकासारखे बदलते: कामाला ४५०० केल्व्हिन, झोपेआधी २७००, कारण दर ९० मिनिटांनी सूर्य उगवणार. चामडं, गालिचा, हॅचवरचा पडदा रद्द. पट्ट्या सिलिकॉनने चिकटवतो, लवचिक राहतात.

ज्वालामापी

यादी बरीच शहाणी झाली. बीटा कापड अंगाला थेट लागू देऊ नका, काचतंतू तुटले की खाज सुटते. आतून, अंगाच्या बाजूला नोमेक्सचा पातळ थर द्या. २१ टक्क्यांत आणि त्या जोडणीत तो पास होतो का ते तपासूनच.

दरवळ

सिलिकॉन नको! २०१० मध्ये स्थानकाच्या पुनर्वापर केलेल्या पाण्यात सेंद्रिय कार्बन वाढायला लागला. शोध घेतल्यावर डायमिथाइलसिलेनडायॉल निघालं. सिलिकॉनयुक्त सौंदर्यप्रसाधनं, गोंद आणि सीलंटमधून सुटणारे सिलोक्सेन हवेत जातात, तिथून दमट हवेच्या पाण्यात, आणि शुद्धीकरणाला चकवतात. दहा दिवसांत पाणी बिघडणार नाही म्हणाल, पण कक्ष तोच राहणार आहे, बदलतील ते पाहुणे. त्यांच्या केसांच्या कंडिशनरवरही बंदी घाला.

दोन घटकांचा इपॉक्सी घ्या, वजन करून मिसळा. प्रमाण चुकलं तर न मुरलेला घटक महिनोन्महिने वास सोडतो. बसवण्याआधी पॅनेल सुटं असतानाच भट्टीत गरम करून मुरवा, वर गेल्यावर नाही.

सांगाडा

इपॉक्सी नोंदवला. कंडिशनरबंदीचं पाहुण्यांना कोण सांगणार?

चिमटा

तिकिटाच्या मागे छापा. 'केस तरंगतील, सांभाळा.'